सत्तर हजारांत एक सुवर्णपदक

३ ऑगस्ट २०२४ ची संध्याकाळ. पॅरिसच्या 'स्ताद द फ्रान्स' या क्रीडांगणावर पाऊस पडत होता. ऑलिंपिकमधील महिलांच्या १०० मीटर धावण्याची अंतिम शर्यत सुरू झाली आणि पाहता पाहता संपलीही. पहिली आलेल्या ज्युलियन आल्फ्रेडची वेळ होती १०.७२ सेकंद. तिचा देश सेंट लुसिया. त्या देशाचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक, आणि तेही सोन्याचे!

त्याच संध्याकाळी, त्याच क्रीडांगणावर महिलांची तिहेरी उडीची स्पर्धा चालू होती. १५.०२ मीटरची उडी मारून ती जिंकली थिया लाफॉन्ड हिने. तिचा देश डॉमिनिका. त्याही देशाचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. शिवाय दोन दिवसांत दहा क्रीडाप्रकार पार पाडण्याची डेकॅथलॉन नावाची कठीण स्पर्धा त्याच संध्याकाळी संपली. तिच्यात लिंडन व्हिक्टर याने कांस्यपदक मिळवले. तो ग्रेनाडा देशाचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, सत्तर हजार वस्तीच्या देशाला सुवर्णपदक मिळते. मग आपण तर एकशे चाळीस कोटी आहोत! हे गणित कसे जुळवायचे?"

प्रश्न चांगला होता, आणि तो त्याने गणिताचा म्हणून विचारला हे त्याहून चांगले. या प्रश्नावर चहाच्या दुकानात पुष्कळ चर्चा होते; पण कागद-पेन्सिल घेऊन तो सोडवायला बसणारे थोडे. मित्रहो, आज आपण तो सोडवू या.

तीन बेटे

आधी नकाशा उघडा. उत्तर व दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये कॅरिबियन समुद्र आहे. त्याच्या पूर्व कडेला बेटांची एक माळ दिसते. या माळेत डॉमिनिका, सेंट लुसिया आणि ग्रेनाडा आहेत. (डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, हे विसरू नका.) डॉमिनिकाची लोकसंख्या सुमारे ७० हजार, सेंट लुसियाची सुमारे १ लाख ८० हजार आणि ग्रेनाडाची सुमारे १ लाख २० हजार. ग्रेनाडाचे क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी.

क्रिकेटमुळे ही बेटे आपल्याला थोडी परिचित आहेत. तेथे ती सारी 'वेस्ट इंडीज' या एका नावाखाली खेळतात. जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पहिल्याच कसोटीत १७१ धावा काढल्या, ते मैदान डॉमिनिकाच्या राजधानीत, रोझो येथे आहे. ऑलिंपिकमध्ये मात्र प्रत्येक बेट आपापला झेंडा घेऊन उतरते.

भागाकाराची जादू

पॅरिसमध्ये ग्रेनाडाने एकूण दोन पदके मिळवली. दुसरे पदक तुमच्यापैकी अनेकांनी दूरदर्शनसंचावर पाहिले असेल. भालाफेकीत नीरज चोप्राला रौप्यपदक मिळाले, तेव्हा कांस्यपदक घेणारा अँडरसन पीटर्स हा ग्रेनाडाचाच. सेंट लुसियाचीही पदके दोन झाली. कारण आल्फ्रेडने २०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. डॉमिनिकाचे पदक एक. भारताची पदके सहा.

आता प्रत्येक देशाच्या लोकसंख्येला त्याच्या पदकांनी भागू या. ग्रेनाडा : ६० हजार लोकांमागे एक पदक. डॉमिनिका : ७० हजारांमागे एक. सेंट लुसिया : ९० हजारांमागे एक. भारत : सुमारे २३ कोटी लोकांमागे एक! अशा यादीत ही तीन बेटे जगात पहिली, दुसरी आणि तिसरी आली. अमेरिकेची १२६ पदके आणि चीनची ९१ पदके या यादीत कुठल्या कुठे खाली गेली.

ही यादी वाचून आपण मान खाली घालावी का? थांबा. अगोदर हा भागाकार तपासून पाहू.

भारताला डॉमिनिकाची बरोबरी करायची असेल, तर किती पदके हवीत? १४० कोटी भागिले ७० हजार. उत्तर येते २० हजार. पण पॅरिसमध्ये सारी मिळून पदकेच होती हजाराच्या थोडी वर! भारताने त्यांतील एकूण एक पदक जिंकले असते, तरी आपले प्रमाण साडेतेरा लाखांमागे एक असेच राहिले असते. म्हणजे तिन्ही बेटांच्या मागेच. त्यात भर म्हणजे बहुतेक स्पर्धांत एका देशाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त खेळाडू पाठवताच येत नाहीत. १०० मीटर धावण्यासाठी ही मर्यादा तिघांची आहे.

याचा अर्थ असा की, ही अशी शर्यत आहे जिच्यात मोठ्या देशाला जिंकण्याची सोयच नाही. आणि लहान देशाचे काय? डॉमिनिकापुढे दोनच शक्यता असतात. पदक नाही, तर यादीत नाव नाही. पदक एक, तर यादीच्या थेट माथ्यावर. मधली जागाच नाही.

शंभर टक्के निकालाची शाळा

हा केवळ ऑलिंपिकचा प्रश्न नाही. शालान्त परीक्षेचा निकाल लागला की, शंभर टक्के निकालाच्या शाळांची यादी छापून येते. ती नीट पाहा. तिच्यात लहान शाळा अधिक दिसतील. तेथील शिक्षक मेहनती असतील यात शंका नाही. पण आणखी एक कारण आहे.

समजा, दोन शाळांतील विद्यार्थी अगदी सारख्या तयारीचे आहेत. प्रत्येकाची उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ०.९ आहे. पहिल्या शाळेत दहावीला ५ मुले आहेत. पाचही उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९. निम्म्याहून अधिक वेळा या शाळेचा निकाल शंभर टक्के लागेल. दुसऱ्या शाळेत ५० मुले आहेत. पन्नासही उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ०.९ चा पन्नासावा घात, म्हणजे ०.००५. दोनशे वर्षांत एकदा! तयारी तीच, शिकवणे तेच. तरी एक शाळा यादीत आणि दुसरी बाहेर.

आता उलट बाजू पाहा. पाच मुलांच्या शाळेत एक मुलगा आजारी पडला की निकाल एकदम ८० टक्क्यांवर येतो. दोन मुले घसरली तर ६० वर. म्हणून सर्वांत वाईट निकालांच्या यादीतही लहान शाळाच अधिक सापडतात. छेद लहान असला की गुणोत्तर वर-खाली उड्या मारते. छेद मोठा असला की ते सरासरीजवळ मुकाट बसून राहते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले, तर वर्तमानपत्रातील निम्म्या टक्केवाऱ्या तुम्हांला फसवू शकणार नाहीत.

ऑलिंपिकमध्ये नेमके हेच दिसते. २०२० चे टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. तेव्हा दर माणशी पदकांच्या यादीत पहिला आला सान मारिनो. इटलीने चारही बाजूंनी वेढलेला हा देश, लोकसंख्या सुमारे ३४ हजार. त्याने पाच खेळाडू पाठवले आणि नेमबाजीत दोन व कुस्तीत एक अशी तीन पदके नेली. दुसरा क्रमांक बर्म्युडाचा. लोकसंख्या सुमारे ६४ हजार. तेथील फ्लोरा डफी हिने ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा एकत्र शर्यतीत, सुवर्णपदक जिंकले.

तीन वर्षांनी पॅरिसमध्ये सान मारिनोची पदके किती? शून्य. बर्म्युडाची? शून्य. आणि त्याआधी? सान मारिनो १९६० पासून उन्हाळी ऑलिंपिकमध्ये येत आहे. २०२१ पर्यंत त्याला एकही पदक मिळाले नव्हते. तीन वर्षांत त्या देशातील खेळ बुडाला नाही, किंवा २०२१ साली तेथे अचानक जादू झाली नाही. हे पाच मुलांच्या शाळेचे निकाल आहेत.

नाणी उडवण्याचा खेळ

आता तुम्ही म्हणाल, "सर, म्हणजे हे सारे नशीबच!" इतकी घाई करू नका. भागाकार फसवा असला, तरी सुवर्णपदक फसवे नाही. लाफॉन्डची १५.०२ मीटर उडी टेपने मोजलेली आहे. सत्तर हजारांच्या देशातील व्यक्ती जगात सर्वांत पुढे जाऊ शकते, हे तर खरेच ना? ते कसे शक्य होते, हे समजण्यासाठी एक खेळ खेळू.

शाळेच्या मैदानावर सर्व मुलांना उभे करा. प्रत्येकाच्या हातात एक नाणे. शिट्टी वाजली की सर्वांनी नाणे उडवायचे. काटा पडला तर खाली बसायचे, छापा पडला तर उभे राहायचे. पुन्हा शिट्टी, पुन्हा नाणे. प्रत्येक शिट्टीला साधारण निम्मी मुले बसतात. १०२४ मुले असतील, तर दहा शिट्ट्यांनंतर एखादेच मूल उभे राहील. कारण २ चा दहावा घात १०२४.

मग ७० हजार लोकांत शेवटचा माणूस किती शिट्ट्यांपर्यंत टिकेल? २ चा सोळावा घात ६५,५३६. म्हणजे सुमारे १६. आणि १४० कोटींत? २ चा तिसावा घात सुमारे १०७ कोटी. म्हणजे सुमारे ३०. लोकसंख्या वीस हजार पट झाली. पण सर्वोत्तम माणसाची मजल दुप्पटही झाली नाही!

उंची, वेग, ताकद यांसारखे गुण तर याहूनही लवकर अडतात. असे गुण अनेक लहान लहान कारणांच्या बेरजेतून ठरतात. त्यांचा आलेख मध्ये फुगलेला आणि दोन्ही टोकांना झपाट्याने उतरणारा, घंटेच्या आकाराचा येतो. उदाहरणापुरते असे समजा की, एका देशातील पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर आहे आणि प्रमाण विचलन ६ सेंटिमीटर आहे. या वक्रावरून हिशेब केला, तर १ लाख माणसांतील सर्वांत उंच माणूस सुमारे १९१ सेंटिमीटर भरतो, आणि १० कोटींतील सर्वांत उंच माणूस सुमारे १९९. हजारपट माणसे, आणि फरक फक्त ८ सेंटिमीटर!

आता पॅरिसचे आकडे पुन्हा पाहा. १०० मीटरमध्ये आल्फ्रेड आणि दुसरी आलेली अमेरिकेची शाकॅरी रिचर्डसन यांच्यात अंतर होते ०.१५ सेकंदाचे, जमिनीवर सुमारे दीड मीटर. तिहेरी उडीत लाफॉन्ड आणि दुसरी आलेली जमैकाची शानिएका रिकेट्स यांच्यात अंतर होते १५ सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतील पट्टीएवढे! शिखराजवळ सारेच इतके जवळजवळ असतात. लोकसंख्येमुळे मिळणारा फायदा तेथे बोटभर उरतो, आणि चांगला शिक्षक, वेळेवर मिळालेला आहार, काही वर्षांचा नेमका सराव एवढ्यांनी तो भरून काढता येतो.

नशिबाचा वाटा किती?

तरीही प्रामाणिक हिशेब करायचा, तर नशिबाचा वाटा मोजलाच पाहिजे. जगाची लोकसंख्या सुमारे ८०० कोटी. संधी सर्वांना सारखी असती, तर एखादे सुवर्णपदक डॉमिनिकाला मिळण्याची संभाव्यता लोकसंख्येतील तिच्या वाट्याइतकी असती. म्हणजे सुमारे १ लाख १४ हजारांत एक. पॅरिसमध्ये ३२९ सुवर्णपदकांच्या स्पर्धा होत्या. या हिशेबाने डॉमिनिकाला सुमारे ३५० ऑलिंपिकांत एक सुवर्णपदक मिळावे. चार वर्षांनी एक ऑलिंपिक म्हटले, तर १४०० वर्षे!

पण हा हिशेब एकट्या डॉमिनिकासाठी झाला. लॉटरीचे तिकीट एका ठरावीक माणसाला लागणे कठीण. कोणाला तरी लागणे कठीण नाही. म्हणून दोन लाखांहून कमी वस्तीचे सगळे देश आणि प्रदेश एकत्र घेऊ. ऑलिंपिकमध्ये असे सुमारे २५ आहेत आणि त्यांची एकूण लोकसंख्या २० लाखांच्या आसपास भरते. जगाच्या चार हजारांश. पदके हजाराच्या थोडी वर. त्यांना चार हजारांनी भागले की सुमारे पाव येतो. म्हणजे या सर्वांना मिळून चार ऑलिंपिकांत एक पदक मिळावे.

प्रत्यक्षात काय झाले? टोकियोत सान मारिनो तीन, बर्म्युडा एक, ग्रेनाडा एक, एकूण पाच. पॅरिसमध्ये ग्रेनाडा दोन, सेंट लुसिया दोन, डॉमिनिका एक, पुन्हा पाच. अपेक्षा पावाची, आणि मिळाली पाच! वीसपट. हे नशिबाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

शिवाय ग्रेनाडाची गोष्ट पाहा. २०१२ मध्ये लंडनला किरानी जेम्सने ४०० मीटर शर्यत ४३.९४ सेकंदांत जिंकली. २०१६ मध्ये त्यालाच रौप्य, टोकियोत त्यालाच कांस्य. पॅरिसमध्ये तो मागे पडला, तर व्हिक्टर आणि पीटर्स पुढे आले. ओळीने चार ऑलिंपिक, प्रत्येक वेळी पदक. नाणे एकदा छापा पडले तर योगायोग. पुनःपुन्हा पडू लागले, तर नाणे तपासावे लागते.

नाणे उडवायला मिळाले किती जणांना?

आपल्या खेळात एक गोष्ट आपण न बोलता धरून चाललो होतो. प्रत्येकाच्या हातात नाणे आहे, असे आपण मानले. प्रत्यक्षात ते नसते. ज्या मुलीला आपण किती वेगाने धावतो हे कधी कळलेच नाही, ती नाणे न उडवताच खाली बसलेली असते. खरा छेद लोकसंख्या हा नव्हे. ज्यांना प्रयत्न करून पाहायला मिळाला, त्यांची संख्या हा खरा छेद.

समजा, जगात सरासरी वीस मुलांमागे एकालाच मैदान, शिक्षक आणि स्पर्धा मिळते, आणि एखाद्या बेटावर दोघांमागे एकाला मिळते. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) तर त्या बेटाचा वाटा आपोआप दहापट होतो. पाव पदकाची अपेक्षा अडीच पदकांवर जाते. कोडे बरेचसे सुटते.

कॅरिबियन बेटांवर धावणे हा खेळ शाळाशाळांतून चालतो. शाळांच्या स्पर्धा, मग देशाच्या, आणि मग 'कॅरिफ्टा' स्पर्धा. बार्बेडोसच्या ऑस्टिन सीली यांनी १९७२ मध्ये या स्पर्धा सुरू केल्या. सतरा आणि वीस वर्षांखालील मुलामुलींसाठी त्या ईस्टरच्या सुमारास भरतात. लहानशा बेटावरच्या शाळकरी मुलाला शेजारच्या देशांतील उत्तम धावपटूंबरोबर पळायला मिळते. किरानी जेम्स याच वाटेने पुढे गेला. त्यापुढची पायरी म्हणजे अमेरिकेतील विद्यापीठे. जेम्स अलाबामात, पीटर्स मिसिसिपीत, व्हिक्टर टेक्ससमध्ये शिकला.

ही शिडी सोन्याची नाही, हेही सांगितले पाहिजे. सेंट लुसियात २००९ मध्ये एका रुग्णालयाला आग लागली. तेव्हा रुग्णांना देशातील मोठ्या स्टेडियममध्ये हलवावे लागले आणि पुढे कित्येक वर्षे त्या स्टेडियमचे रुग्णालयच होऊन राहिले. जिंकल्यानंतर आल्फ्रेडने आपल्या लहानपणीच्या अनवाणी धावण्याची आठवण काढली, शाळेच्या गणवेशात पळत असे म्हणून सांगितले आणि देशात चांगले स्टेडियम व्हावे अशी इच्छा व्यक्त केली. ती स्वतः चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला शिकायला गेली, आणि तेथून टेक्ससला. लाफॉन्ड तर पाच वर्षांची असतानाच कुटुंबाबरोबर अमेरिकेतील मेरीलँडला गेली आणि तेथेच वाढली. म्हणजे त्यांच्या पदकांत बेटांचा वाटा आहे, तसा परक्या देशांतील मैदानांचाही आहे. पदकांना बेटाच्या लोकसंख्येने भागणारा माणूस ही दुसरी गोष्ट विसरतो.

आणि शिडी असली की पदक मिळतेच असेही नाही. शेजारच्या सेंट व्हिन्सेंटची लोकसंख्या जवळजवळ ग्रेनाडाएवढी, समुद्र तोच, कॅरिफ्टा स्पर्धाही तीच. पण २०२४ पर्यंत त्या देशाला एकही ऑलिंपिक पदक मिळालेले नव्हते. सेंट किट्स आणि नेव्हिस या पन्नास हजारांच्या देशाचेही तसेच. त्यांचा किम कॉलिन्स २००३ साली याच 'स्ताद द फ्रान्स' क्रीडांगणावर १०० मीटरमध्ये जगज्जेता झाला होता. वेळ १०.०७ सेकंद, दुसऱ्या धावपटूहून एक शतांश सेकंद कमी. पण ती जागतिक स्पर्धा होती, ऑलिंपिक नव्हे. म्हणून पदकांच्या यादीला त्याचे नावच ठाऊक नाही. शिडीमुळे संधी वाढते. त्यानंतरचा एक शतांश सेकंद मात्र कोणाच्याच हातात नसतो.

आपला छेद

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. एकशे चाळीस कोटींना सहा पदकेच का? याचे उत्तर, आपण एकशे चाळीस कोटींनी नाणी उडवलेलीच नाहीत.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरला तालीम होती, कुस्तीची परंपरा होती, आणि परदेशी जाण्यासाठी वर्गणी काढणारी माणसे होती. पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा. तोही शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीतून वर आला. शिडी जेथे पोहोचली, तेथे खेडेगावही एखाद्या लहान देशासारखे वागते.

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत स्टॉपवॉच धरण्याचे काम परंपरेने पदार्थविज्ञान विभागाकडे येते. काही वर्षांपूर्वी मुलींच्या १०० मीटर शर्यतीत एक जागा रिकामी होती. कडेला उभ्या असलेल्या एका मुलीला मैत्रिणींनी ढकलून उभे केले. तिने डबा मैत्रिणीकडे दिला, ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि ती धावली. शर्यत संपल्यावर मी घड्याळ पाहिले, आणि मला वाटले की ते बिघडले असावे. शेजारच्या सहकाऱ्याचे घड्याळही तेच सांगत होते. मी तिला विचारले, "शाळेत कोणत्या स्पर्धांत भाग घेत होतीस?" ती म्हणाली, "सर, आमच्या शाळेला मैदान नव्हते. मला कोणी धावायला सांगितलेच नाही." तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्या वयात किरानी जेम्स ऑलिंपिकविजेता होता.

ती मुलगी पुढे ऑलिंपिकला गेली असती, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण गेली नसती, असे म्हणायलाही आधार नाही. कारण तिचे नाणे कोणी उडवूच दिले नव्हते. विज्ञानात न घेतलेल्या मापाला शून्य म्हणत नाहीत. ते माप घ्यायचे राहिलेले असते.

तुम्ही करून पाहा

मित्रहो, दोन प्रयोग सुचवतो. पहिला, नाणी उडवण्याचा. आधी एका वर्गाला खेळवा आणि शेवटचा विद्यार्थी किती शिट्ट्यांपर्यंत टिकतो ते नोंदवा. मग साऱ्या शाळेला खेळवा. मुले किती पट झाली आणि शिट्ट्या किती वाढल्या, याची तुलना करा. मग अशी अट घाला की, फक्त पहिल्या बाकावरच्या मुलांनीच नाणी उडवायची. विजेता कोठून आला, आणि मागच्या बाकांवर किती विजेते बसून राहिले असतील, याचा विचार करा.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने करा. एक स्टॉपवॉच घ्या, ५० मीटर अंतर आखा, आणि शाळेतील प्रत्येक मुलाची व मुलीची वेळ घ्या. खेळाडू म्हणून ज्यांची नावे ठाऊक आहेत त्यांचीच नव्हे, प्रत्येकाची. जो लाजतो त्याची, आणि जी कडेला डबा धरून उभी आहे तिचीही. वहीत आकडे लिहा आणि आलेख काढा. घंटेच्या आकाराचा वक्र दिसेल. त्याच्या वेगवान टोकाला एखादा ठिपका असा सापडेल, ज्याचे नाव ऐकून सारा वर्ग मागे वळून पाहील.